फेरफार नोंदवहीतल्या बाया

विदर्भातल्या एखाद्या गावातल्या बायांचा इतिहास लिहायचा असेल तर सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. ग्रंथालय नंतर, मुलाखती त्याच्याही नंतर. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, जमिनीच्या हक्कातला प्रत्येक बदल जिथे उतरतो ती, आणि 6-क म्हणजे वारसा नोंदवही. कायद्याने बाईला काय दिलं आणि घराने त्यातलं किती तिच्या हाती लागू दिलं, हे या दोन वह्यांत तारीखवार उतरलेलं आहे. विद्यापीठात स्त्री-अभ्यास, कायदा आणि इतिहास हे तीन वेगळे विभाग असतात. गावात हे तिन्ही विषय एकाच पानावर सापडतात, आणि ते पान उघडणारे संशोधक फार थोडे आहेत.

एक नोंद जवळून पाहू. अशा नोंदी गावोगाव मिळतात, म्हणून नावं आणि गट क्रमांक बाजूला ठेवते. खातेदार मयत झाल्याची तारीख. वारस म्हणून पत्नी, दोन मुलगे, तीन मुली; मुलींच्या नावापुढे सासरचं गाव. नोटिसा बजावल्या, मुदतीत हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. इथवर कायदा चोख पाळला गेला. पान उलटलं की काही महिन्यांनंतरची दुसरी नोंद: तिन्ही बहिणींनी दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदवून दिलं, सबब त्यांची नावं कमी केली. कधी त्याच दस्तावर आईचाही अंगठा असतो. मोबदला काही नाही, कारण भावांविषयीचं प्रेम. हा मजकूर दस्तलेखकाकडे तयारच असतो, फक्त नावं बदलायची.

या दोन नोंदींच्या मधल्या काही महिन्यांत काय घडलं, ते कुठल्याच वहीत नाही. ते बहिणींना ठाऊक असतं. तेरवीला सगळे जमलेले असतात तेव्हाच कोणीतरी वडीलधारा विषय काढतो. पेरणी तोंडावर आलेली असते, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं असतं, आणि सातबाऱ्यावर सहा नावं असली की सहा जणांच्या सह्या लागतात, ही खरीच अडचण असते. मग एक दिवस ठरतो. भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला नेतो, सह्या होतात, फोटो निघतो, बोटांचे ठसे उमटतात. परतताना साडीचोळी होते. "वावर मांगतलं तं माहेर तुटते" हे वाक्य मी यवतमाळ जिल्ह्यात इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ते मला एखाद्या कलमासारखं वाटतं. छापील कायद्याच्या वरचं कलम.

जुने सातबारे पाहिले तर गोष्ट आणखी मागे जाते. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि आई-बहिणींची नावं असलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात. त्याच रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीचा वाटा असतो, वहिवाटीची वाट असते. निंदण, वेचणी, तुरीची सोंगणी यांत जिचं आयुष्य गेलं त्या बाईचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, यायला अनेक घरांत दोन पिढ्या लागल्या.

कायदा मात्र थांबलेला नव्हता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलालाच ठेवला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीलाही सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार, केलं, मात्र ज्यांचं लग्न त्या तारखेआधी झालं त्या मुलींना वगळून. एकाच घरातल्या थोरलीचं लग्न त्या मे महिन्यात लागलं असेल आणि धाकटीचं दिवाळीनंतर, तर एकीला जन्मसिद्ध हक्क आणि दुसरीला नाही! ही भिंत केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 ला पाडली. तरी खटले चालूच राहिले, कारण 2005 साली वडील हयात असायला हवेत की नाही यावर न्यायालयांत मतभेद होते. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. त्याच निकालात हेही सांगितलं की 'आमची तोंडी वाटणी आधीच झाली होती' हा बचाव सहसा मान्य करू नये. विदर्भातल्या किती घरांत वाटणी बांधावर उभं राहून तोंडीच झालेली असते, हे माहीत असलेल्याला या वाक्याचं वजन लगेच कळेल.

म्हणजे कायद्याच्या बाजूने 64 वर्षांत बरंच काम झालं. आता खरा प्रश्न कायदा आणि सातबारा यांच्या मधल्या जागेचा आहे. ती जागा घरातली आहे आणि तिचा अभ्यास घराच्या भाषेतच करावा लागेल. विदर्भात होणाऱ्या स्त्रीविषयक संशोधनाबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. प्रश्नावली घेऊन कोणी येतं, बाया वेळ काढून उत्तरं देतात, प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो. जिने उत्तरं दिली तिला त्यात आपल्याबद्दल काय म्हटलंय हे कधीच कळत नाही. माहिती इथून जाते आणि ज्ञान होऊन परत येत नाही.

हे आजचं नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, म्हणजे घर महसुली दप्तराच्या अगदी शेजारचं. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली, ती पुढे जन्मठेप झाली, आणि वर्तमानपत्रांतून विधवांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. त्यावर ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. 1882 साल, पुण्यात छपाई, 500 प्रती, किंमत 9 आणे. एका फौजदारी खटल्यापासून सुरुवात करून विवाह, पुनर्विवाहबंदी आणि धर्मग्रंथ यांचा हिशेब मागणारं हे लेखन आजच्या भाषेत स्त्रीवादी कायदेचिकित्सा आहे, आणि ते वऱ्हाडातल्या एका बाईने कोणत्याही विद्यापीठाशिवाय केलं. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची पाठराखण केली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला, आणि आज जगभर ते अभ्यासलं जातं. बुलढाणा जिल्ह्यातल्या दहावीच्या मुलीला आपल्या गावापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर हे लिहिलं गेलं हे ठाऊक असतं का? मला भेटलेल्या बहुतेक मुलींना नव्हतं.

दुसरं उदाहरण देसाईगंजचं. 26 मार्च 1972 ची रात्र, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि मुलीच्याच चारित्र्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं यांत फरक आहे, असं तिथे स्पष्ट सांगितलं गेलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत म्हणून आरोपींना पुन्हा निर्दोष सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असं गृहीत धरण्याची तरतूद आली. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं तेही याच दुरुस्तीने. तरीही खटला सगळीकडे त्या मुलीच्याच नावाने शिकवला जातो. मी ते नाव इथे लिहीत नाही.

त्या पत्राचं मोल मी कमी करत नाही, उलट अभ्यासाने काय होऊ शकतं याचा तो पुरावाच आहे. चार शिक्षकांनी निकालपत्र नीट वाचलं, त्यातलं गृहीतक उघडं केलं, आणि देशाचा फौजदारी कायदा हलला. पण वडसा (म्हणजेच देसाईगंज)-कुरखेड्याच्या बाजूला आजही असं वाचन शिकवलं जात नाही. निकालपत्र वाचायचं कसं, पंचनाम्यात काय तपासायचं, जबाब लिहून घेताना कोणता शब्द बदलला तर अर्थ फिरतो, हे पोलीस पाटलाला थोडंफार ठाऊक असतं. बचत गटाच्या अध्यक्षबाईला ते कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट नागपूरची. जुलै 1942 मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. ठराव काय होते? घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वावर बंदी हवी, गिरण्या-विडी कारखान्यांतल्या कामगार बायांना रजा हवी. हिंदू विवाह कायदा येण्याच्या 13 वर्षं आधी हे वऱ्हाड-नागपूरच्या बाया मागत होत्या. बरीच वर्षं हा इतिहास चळवळीच्या आठवणीत राहिला, अभ्यासक्रमात आला नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन वयस्क कार्यकर्त्या गाठल्या, त्यांचं बोलणं उतरवून घेतलं आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केलं. पुराव्यावर आधारलेलं, मराठीत लिहिलेलं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता येईल असं संशोधन कसं असतं, हे कोणी विचारलं तर मी याच पुस्तकाकडे बोट दाखवते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण फसवली जाते, असं आपण पटकन म्हणतो. काही जणी फसवल्या जातातही. कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्याच्या कहाण्या खोट्या नसतात. पण बहुतेकींना आपण काय सोडतोय हे पक्कं माहीत असतं. नवऱ्याने टाकलं, मारलं, किंवा तो मेला, तर उभं राहायला भावाचं दार हवं म्हणून त्या वावर सोडतात. हा हिशेब आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. ज्या भागात सरकारी निवारागृह जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि तिथलं पहिलं प्रश्नचिन्ह बाईच्या वागण्यावर असतं, तिथे माहेर हाच एकमेव विमा असतो.

म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे: ज्या बहिणींनी जमीन देऊन माहेर राखलं, त्यांच्यावर वेळ आली तेव्हा ते माहेर मिळालं का? किती दिवस? वहिनीच्या हाताखाली की स्वतंत्र चुलीवर? आणि ज्यांनी वाटा घेतला त्यांचं माहेर खरंच तुटलं, की दोन दिवाळ्यांनंतर येणं-जाणं सुरू झालं? स्त्री-अभ्यासाला विदर्भातल्या गावाने विचारलेला हा प्रश्न आहे असं मी मानते. याचं उत्तर ना कायद्याच्या पुस्तकात आहे, ना प्रश्नावलीतल्या 'होय / नाही / सांगता येत नाही'मध्ये. फेरफाराची तारीख एका हातात आणि त्या बहिणीची जबानी दुसऱ्या हातात घेऊनच ते शोधता येईल.

भावांची बाजू ऐकल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. कोरडवाहू चार एकर, त्यात पाच वाटे पडले तर कोणाचंच पोट भरणार नाही, हा त्यांचा मोठा आक्षेप आहे आणि तो हवेतला नाही. पण चार एकरांचे वाटे चार भावांत पडतात तेव्हा तुकड्यांची चिंता कोणी बोलून दाखवत नाही, बहीण आली की ती आठवते. शिवाय वाटा म्हणजे नांगर घेऊन बांधावर येणं नव्हे. जमीन भावाकडेच मक्त्याने राहू शकते, नाव मात्र बहिणीचं राहील. लग्नात खर्च केला, हा दुसरा आक्षेप. त्या खर्चातलं तिच्या नावावर काय राहिलं? हुंडा सासरी गेला, जेवणावळी गाव जेवलं. मुलाच्या शिक्षणाला, त्याच्या नोकरीसाठी विकलेल्या एकराला कोणी त्याच्या वाट्यातून वजा करत नाही.

नाव सातबाऱ्यावर असणं ही प्रतिष्ठेपुरती गोष्ट नाही. शेतकरी आत्महत्येनंतरच्या 1 लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं तेव्हा जमीन कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणाच्या नावावर हेच आधी पाहतात. राबणारी बाई तिथे शेतकरी ठरत नाही, ती शेतकऱ्याची बायको ठरते. पीक कर्ज, विमा, बोंडअळीची नुकसानभरपाई, सगळं त्याच कागदाला बांधलेलं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बाया जेमतेम 14 टक्के होत्या. वेचणीच्या दिवसांत विदर्भातलं कुठलंही वावर पाहिलेल्या माणसाला हा आकडा आणि ते दृश्य एकाच देशातलं वाटणार नाही.

हे बदलण्याचा एक मोठा प्रयत्न इथल्याच शेतकऱ्यांनी केला होता. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं 1989 मध्ये अमरावतीला अधिवेशन झालं आणि शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: बायकोच्या नावे जमीन करा. 100 किंवा अधिक शेतकऱ्यांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. 1992 मध्ये सरकारनेही परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. त्या गावांचे तेव्हाचे आणि आजचे सातबारे शेजारी ठेवून कोणीतरी पाहायला हवं. ती नावं टिकली का? त्या बायांनी कधी जमीन गहाण ठेवायला नकार दिला का? त्यांच्या मुलींना वाटा मिळाला का? पस्तीस वर्षं म्हणजे एक पूर्ण पिढी. इतका मोठा सामाजिक प्रयोग आपल्या दाराशी झाला, त्याचा पडताळा आपणच घ्यायचा.

आदिवासी भागाचा हिशेब वेगळा आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून 1956, 1994, 2005 या सगळ्या तारखा गडचिरोलीतल्या गोंड बाईला ओलांडून गेल्या. 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात ठरवलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला समान वाटा नाकारता येणार नाही. त्यासाठी आधार घेतला तो 1875 च्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस कायद्यातल्या न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक या तत्त्वाचा. तो कायदा आपल्याही जुन्या मध्य प्रांताचा. पण आता रूढी काय आहे हे कोण सांगणार? न्यायालयात एखादा पुरुष साक्षीदार उभा राहील आणि 'आमच्यात देत नाहीत' म्हणेल, तेच रूढी ठरणार असेल तर निकालाचा उपयोग संपला. माडिया आणि गोंड बायांनी स्वतःची रूढी स्वतः नोंदवायला हवी, आणि गोंडवाना विद्यापीठाने त्यासाठी त्यांच्या शेजारी बसायला हवं.

हे शक्य आहे, कारण गडचिरोलीतच मेंढा-लेखा आहे. त्या गावाने अनेक वर्षं अभ्यासगट चालवला. बाहेरचे जाणकार यायचे, पण चर्चा गावाच्या प्रश्नावर आणि गावाच्या भाषेत व्हायची, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने. सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे ही वर्षानुवर्षांची तयारी होती. जंगलासाठी जे केलं ते वारसाहक्कासाठी का करता येऊ नये?

यावर काही सहकारी म्हणतात, बाईला आधी पाणी, रोजगार, दवाखाना द्या, संशोधन नंतर बघू. पण संशोधन झालं नाही म्हणूनच योजना चुकीच्या दारी जातात. नाव कुठे गळतं हे कळल्याशिवाय गळती बंद कशी करणार? कदाचित हक्कसोडपत्रासाठी एक वर्षाची थांबण्याची मुदत हवी असेल, म्हणजे तेरवीच्या गर्दीत सही होणार नाही. कदाचित पीक कर्जासाठी सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागण्याऐवजी कसणाऱ्याला संमतीपत्रावर कर्ज मिळालं, तर निम्मी हक्कसोडपत्रं थांबतील. मला दुसरा उपाय जास्त खरा वाटतो. पण माझ्या वाटण्यावर कायदा होऊ नये, तालुक्यातल्या हजार नोंदी वाचून व्हावा.

काम फार अवघड नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी-पदव्युत्तर वर्गांना क्षेत्रप्रकल्प सक्तीचे केलेत, आणि ते बहुतेक ठिकाणी कशीबशी फाइल भरून संपतात. त्याऐवजी नागपूर, अमरावती, गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या ग्रामीण महाविद्यालयांनी एकेक गाव घ्यावं. 1956 पासूनच्या वारस नोंदी उतरवाव्यात, मुली कधी आल्या आणि कधी कमी झाल्या ते मांडावं. मग हयात असलेल्या बहिणींना त्यांच्या सासरच्या गावी जाऊन भेटावं. हे काम मुलींनीच करावं, कारण वहिनीसमोर न बोललेलं त्यांच्याशी बोललं जाईल. नावं गुप्त ठेवावीत. निष्कर्ष आधी त्या गावच्या महिला सभेत मराठीत, जमेल तिथे वऱ्हाडी-झाडीत, माडिया-गोंडीत वाचून दाखवावेत, हरकती नोंदवाव्यात, आणि मगच विद्यापीठात जमा करावेत.

घाई यासाठी की 1994 च्या जूनआधी लग्न झालेल्या त्या मुली आता पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत, आणि 1956 नंतर सह्या केलेल्या पहिल्या पिढीतल्या फारच थोड्या उरल्यात. दप्तर स्कॅन होऊन संगणकावर राहील. या बायांचं सांगणं तसं राहणार नाही, त्यामुळे येत्या जूनमध्ये प्रकल्पांचे विषय वाटले जातील तेव्हाच सुरुवात व्हायला हवी.